कॅसेटवर माझा फोटो

लातूरच्या गंजगोलाईत एखादा पिकल्या केसांचा माणूस अजून मला अडवतो. "नरसिंगराव, काय ड्रम वाजवला होता हो तुम्ही त्या कॅसेटमधी! तसा हात पुन्हा लातुरात झाला न्हाई." मी हसतो, मान हलवतो आणि पुढं जातो. पस्तीस-चाळीस वर्षं मी असा हसत आलोय. हे हसणं हरामखोराचं आहे.

त्या कॅसेटमध्ये मी एक ठोकासुद्धा मारलेला नाही. आठच्या आठ गाणी नांदेडच्या रियाजनं वाजवली. कव्हरवर फोटो माझा. लांब केस, गळ्याला लाल रुमाल, दोन हातांत दोन काठ्या. खाली छापलंय, ड्रम : नरसिंग हनमंते. एवढंच असतं तर मी तोंड उघडलं नसतं. नाव छापलं, छापलं. त्या छापलेल्या नावाचं मी पुढं जे केलं, ते सांगायचंय.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादेतून सुटलं तसं गाव एकदम अंगानं भरलं. जिकडं तिकडं पाट्या रंगवणारे शिड्यांवर चढलेले. आपलं कलेक्टर ऑफिस, आपला एसपी, मग आपलं रॉक म्युझिक का नको, असं शेषेरावला वाटलं. शेषेराव म्हणजे डाळमिलवाल्याचा पोरगा. मुंबईला इंजिनियर व्हायला गेला, नापास होऊन परत आला आणि येताना इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. त्यानं ऑर्केस्ट्रा काढला आणि मला ड्रमवर बसवलं, कारण दुसरं कोणी नव्हतं. मी तेलमिलच्या रिकाम्या डब्यांवर हात बसवलेला. शिकवणारा कोणी नाही. जयंतीला, गणपतीला आम्ही वाजवायचो. लोकांना मी आवडायचो, कारण मी लई हलायचो.

माझा एक दोष होता. गाणं रंगात आलं की माझा हात पळायचा. बाकीचे माझ्यामागं पळायचे, लोक नाचायचे आणि चार मिनिटांचं गाणं साडेतीन मिनिटांत संपायचं. स्टेजवर हे कुणाच्या बापाला कळत नव्हतं.

हैदराबादेत कळलं. पुढच्या वर्षी शेषेराव आम्हाला तिथं कॅसेट करायला घेऊन गेला. गाणी मराठी, चाली आमच्या, वाजवणं इंग्लिश ढंगाचं. माझ्या कानांवर हेडफोन चढवला. त्यात नुसती टिक, टिक, टिक. "इसके साथ बजाओ," रेकॉर्डिस्ट काचेमागून म्हणाला. मी अकरा वेळा वाजवलं. अकराही वेळा त्या टिकटिकीच्या पुढं निघून गेलो. काचेमागं तो रेकॉर्डिस्ट शेजाऱ्याला तेलुगूत काहीतरी बोलला आणि दोघं हसले. तेलुगू मला येत नाही, पण हसणं समजतं.

मग त्यानं बाहेर निरोप धाडला. शेजारच्या खोलीत कुठल्या तरी सिकंदराबादच्या ग्रुपचं वाजवून एक जण डबा खात बसला होता. तो लुंगीला हात पुसत आत आला. किडकिडीत, माझ्याच वयाचा.

"कुठले तुम्ही लोकं?"

"लातूर."

"मग घरचेच की. मी रियाज. नांदेड, करीम ब्रास बँड." त्यानं गाणं एकदा ऐकलं, डोळे मिटून. मग मला म्हणाला, "आता तू वाजव. मी बघतो."

"मला जमून राहिलं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"

"न जमलेलं नको दाखवू. अंतऱ्याच्या आधी तू काय करतो, झांज कुठं मारतो, ते दाखव. कॅसेट तुझी हाय ना? लातूरच्या लोकाला वाटलं पाहिजे, आपला नरसिंगच हाय."

मी वाजवलं. तो माझ्या हाताकडं बघत होता, कसाई बकऱ्याकडं बघतो तसा नाही, शिंपी अंगाकडं बघतो तसा. मग स्टुलावर बसला आणि माझ्यासारखा वाजवायला लागला. म्हणजे मी जसा वाजवायला पाहिजे होतो तसा. अंतऱ्याआधी मी एक फालतू झांज जास्तीची मारायचो, तीसुद्धा त्यानं ठेवली. फक्त पळाला नाही. टिकटिक एखाद्या म्हशीसारखी त्याच्या मागून निवांत चालत होती. दुपारच्या आत आठ गाणी झाली. शेषेराव त्याच्या गळ्यात पडला. मी हेडफोनच्या वायरीचं भेंडोळं करत उभा होतो.

चहाच्या गाड्यावर मी त्याला म्हणालो, "कव्हरवर तुझं नाव घालायला सांगतो."

"नक्को रे बाबा." त्यानं बशीत चहा ओतला. "आमच्या बँडच्या धंद्यात एक रीत हाय. लगीनसराईत एकाच दिवशी दोन-दोन लग्नं निघतात. माणूस कमी पडला की दुसऱ्या बँडचा माणूस मागवतात. तो येतो, ह्या बँडचा कोट घालतो आणि वाजवतो. कोट अंगावर चढला की तो ह्याच बँडचा. नवरदेवाच्या बापानं विचारलं तरी सांगायचं न्हाई की मी करीम बँडचा. सांगितलं तर कोट देणाऱ्याची अब्रू जाते. माझ्या अब्बानं एकाला ह्याच्यावरून भर वरातीत चापट मारलती. आज मी तुझा कोट घातला. झालं."

तिथून आमची दोस्ती. मी नांदेडला गेलो की त्याच्याकडं उतरायचो, तो लातूरला आला की आमच्या झोपडीत. माझी माय, नागुबाई, त्याला म्हणायची, "हा सायबाच्या पोटचा असल्यावानी जेवतोय. भाकर मोड की हातानं, चिमटी काय घेतोस!" तो म्हणायचा, "मावशी, पोट भरलं की पाय जड होतो, बेस ड्रम लागत न्हाई."

त्यानं कुणाकुणाचे कोट घातले, त्याची यादी मलाच माहीत आहे. सिकंदराबादच्या दोन रॉक ग्रुपांच्या कॅसेटी त्याच्या. त्यातल्या एकाचा ड्रमर पिऊन पडायचा, तर रियाज त्याच्यासारखा डाव्या हातानं वाजवायला शिकला, कारण तो ड्रमर डावखुरा होता. माहूरच्या रेणुकामायच्या गाण्यांत मागं जो दणका आहे तो त्याचा. उमरीच्या एका कव्वालाच्या पार्टीत त्यानं असा काही ठेका घातला की कव्वाल स्वतःच म्हणाला, मियाँ जरा कम, आज लोक मला ऐकायला आलेत. भीमगीतांच्या कॅसेटी तर किती. आमच्या बुद्धविहाराजवळ लाउडस्पीकरवर लागायच्या तेव्हा म्हातारी माणसं म्हणायची, आपल्या पोरांनी काय वाजवलंय! मी गप्प बसायचो. तो मागाहून विचारायचा, "आवडलं का लोकाला?" मी हाव म्हणायचो. तेवढ्यावर तो खूश.

मग दुष्काळ आला. बहात्तरचा आमच्या मायबापांनी भोगला, पंच्याऐंशी-शहाऐंशीचा आमच्या वाट्याचा. विहिरींच्या तळाला लोक चमच्यानं पाणी भरत होते. माय रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. शेषेरावच्या बापाच्या मिलला तूर येईना, म्हणून त्यानं पोराची गिटार माळ्यावर टाकली. ऑर्केस्ट्रा बसला. पण सगळ्यांत आधी मेले ते बँडवाले. दुष्काळात लग्नं थांबत नाहीत, लोक फक्त बँड सांगत नाहीत. चार माणसं, अक्षता, संपलं. करीम ब्रास बँडचे लाल कोट वर्षभर दोरीवरून उतरले नाहीत. रियाजचं लग्न झालेलं, बायको जाहिदा गरोदर. हैदराबादच्या स्टुडिओत कामं होती, पण तिथं एक मशीन आलं होतं. त्यावर बोटानं टिचकी मारली की ड्रमचा आवाज निघायचा. "आता टिकटिकीलाच कोट घातला," तो म्हणाला. तो हसला. मला हसू आलं नाही.

तेवढ्यात जाहिरात निघाली. नवा जिल्हा, नवं पोलीस बँडपथक. साइड ड्रमची, म्हणजे कमरेला अडकवून चालत वाजवायच्या ड्रमची, एक जागा. एकच. पगार, वर्दी, पेन्शन. दोघांनी अर्ज भरले. बसस्टँडवर तो म्हणाला, "तुला लागली तर पार्टी तू दे, मला लागली तर मी." आम्ही हातावर हात मारला. दोघंही खोटं बोलत होतो. दोघांनाही ती जागा रोटीसारखी दिसत होती.

परीक्षा दिवसाउजेडी, कवायतीच्या मैदानावर. घेणारे गुंडप्पा मास्तर, फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले, उदगीरकडचे. कानडी वळणाचं मराठी बोलायचे आणि मिशीआडून माणूस जोखायचे. शेजारी टेबलाला एक साहेब कागदांवर सह्या करत बसलेले. मार्चचा ठेका, रोल, पायांसोबत वाजवणं, असं सगळं झालं. मार्चला गाणं नसतं, त्यामुळं रंगात येऊन पळायचाही प्रश्न नव्हता. बाविसातून आम्ही दोघं उरलो. मास्तर म्हणाले, "दोघंबी सारखेच हाय की रे. अनुभवाचं काय हाय ते दाखवा."

माझ्याकडं शेषेरावनं दिलेलं ऑर्केस्ट्राचं सर्टिफिकेट होतं. ब्रास बँडवाला कुठलं सर्टिफिकेट आणणार? रियाजनं पिशवीत हात घातला आणि आमची कॅसेट काढली. माझ्याकडं न बघता मास्तरांच्या हातात दिली.

"हे मी वाजवलंय, सर."

मास्तरांनी कव्हर बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. "हितं तर ह्याचं फोटो हाय. नाव बी ह्याचंच हाय." कॅसेट त्यांनी हवेत धरली. साहेबांनी सह्या थांबवल्या. "नरसिंग हनमंते, बोल. हे कुणी वाजवलं?"

मी आता जे सांगतोय ते नीट ऐका. मला विचार करायला वेळ मिळाला होता. मी घाबरून बोललो नाही, गोंधळून बोललो नाही. मला मायचे हात दिसले, खडीनं फाटलेले, हे खरं आहे, पण त्या आडून मी सुटणार नाही. रियाजच्या घरीही हात होतेच. मी सरळ हिशोब केला की कव्हर माझ्या बाजूनं आहे.

"मी वाजवलं, सर."

रियाजनं झटक्यानं मान वळवली. चापट बसल्यासारखी. "सर, त्याला काठ्या द्या," तो म्हणाला. आवाज चढला होता. "चौथ्या गाण्याच्या शेवटाला एक तुकडा हाय, सोळा मात्रांचा. तेवढा वाजवून दाखव म्हणावं. निस्ता साइड ड्रमवर. लगीच कळंल."

मास्तरांनी मला खूण केली. "वाजव."

मी ड्रमपुढं उभा राहिलो. काठ्या हातात. मला तो तुकडा येत नव्हता. दोन वर्षं मी तो घरी डब्यावर बसवायला बघितला होता, आठव्या मात्रेनंतर माझे हात एकमेकांत अडकायचे. मी काठ्या उचलल्या आणि तशाच धरून राहिलो. घाम पापण्यांवरून खाली आला. मैदानावर कोणीतरी शिट्टी वाजवली, कवायतवाले वळले. मी ठोका मारला नाही. मी रियाजकडं बघितलं. काय म्हणून बघितलं, ते मला विचारू नका. भिकारी बघतो तसं बघितलं.

तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्याचे खांदे खाली आले.

"ऱ्हाऊ द्या सर," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. ते त्यानंच वाजवलंय."

"आत्ता तर छाती फुगवून सांगत होतास?"

"पोटासाठी बोललो, सर. गलती झाली."

साहेब टेबलावरून म्हणाले, "असल्या माणसाला वर्दी द्यायची का, मास्तर?" आणि समोरच्या यादीत लाल पेन फिरवला. रियाजचा कागद शिपायानं त्याच्या हातात आणून दिला. बाकीचे वीस जण तिथंच होते. कोणीतरी मागून म्हणालं, "दुसऱ्याच्या नावावर खातो साला." मी ते ऐकलं. काठ्या अजून माझ्या हातात होत्या.

फाटकाबाहेर मी त्याला गाठलं. "रियाज, थांब रे. ऐक तर..."

तो थांबला. रागावलेला नव्हता, तेच वाईट. "चूक माझीच हाय," तो म्हणाला. "कोट तुमचा होता. मी तो घालून बोंबललो. अब्बा असते तर मलाच हाणलं असतं." मग म्हणाला, "चलतो, साहेब."

दोस्ती झाल्यापासून तो मला तू म्हणत आला होता. त्या दिवसानंतर एकदाही म्हणाला नाही.

मला ऑर्डर आली. वर्दी आली. मायनं वर्दीच्या बटणांवरून बोट फिरवलं आणि खडीचा हातोडा गल्लीतल्या बाईला देऊन टाकला. बाहेर लोक म्हणाले, सवलतीत लागला. मी भांडायला उठायचो, जागा खुली होती, विचारा ऑफिसात. आमचे लोक म्हणाले, हुशारीवर लागला, समाजाचं नाव काढलं. विहारात माझा सत्कार केला, शाल दिली. दोन्हीकडचे चुकत होते. मी ना सवलतीत लागलो ना हुशारीवर. मी एका माणसाला खोटा ठरवून लागलो. त्या शालीत मला भर उन्हात थंडी वाजत होती.

गुंडप्पा मास्तरांना पहिल्याच आठवड्यात कळलं असावं. सरावात मी एका धुनेला पळालो. त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं, माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात बोलले, "नरसिंग, ते कॅसेट हितं कुणाला ऐकवू नको रे." एवढंच. पुढं माझ्याशी कामाशिवाय बोलले नाहीत. मला वाटलं, ते साहेबांना सांगतील. नाही सांगितलं. यादीवर त्यांचीही सही होती.

वर्षभरानं मी ठरवलं की नांदेडला जायचं आणि खरं बोलायचं. रियाजपुढं नाही, त्याला माहीतच होतं. त्याच्या बायकोपुढं, गल्लीपुढं. सुट्टी घेतली. मुद्दाम वर्दी घालून गेलो, म्हणजे वर्दी घातलेल्या माणसाच्या तोंडून लोक ऐकतील. एसटीत बसून मी वाक्यं पाठ केली. लोह्यापर्यंत पाठ झाली होती.

बँडच्या दुकानात रियाज ढोलाला नवं पान, म्हणजे कातडं, चढवत बसला होता. उठून उभा राहिला. "या, साहेब." खुर्ची पुसून दिली. मागं घर, मध्ये पडदा. जाहिदा पडद्यापलीकडून म्हणाली, "कोण आलंय?" तो म्हणाला, "लातूरचे नरसिंगसाहेब."

ती चहा घेऊन बाहेर आली, कडेवर पोर. माझ्या टोपीकडं, पट्ट्याकडं बघितलं. मी उभा राहिलो. वाक्य जिभेवर होतं. ती आधी बोलली.

"भाऊ, तुम्ही आले ते बरं झालं. मला लई दिवसापासून तुमच्याशी बोलायचं होतं. ह्यानं तुमच्यावर आळ घेतला, माफ करा. मला ह्यानं सांगितलं न्हाई, बँडातल्या एकानं सांगितलं. मी इचारलं तर म्हणतो, हौ, झूठ बोला मी. असं कोण करतं? दोस्ताचं नाव खातं कोण? माझा बाप मुअज्जिन हाय भाऊ, मशिदीत अजान देतो, आमच्या घरात कोणी खोटं बोललं न्हाई. आता ह्या पोराला मी काय शिकवू?"

"जाहिदा, बस," रियाज म्हणाला. हात ढोलावर, मान खाली.

"का बस? साहेब तुझे दोस्त हायत, त्यांच्यापुढं बोलू दे." ती माझ्याकडं वळली. "तुम्ही शिकलेले हायत, सरकारात हायत. तुमचं ऐकतो तो. तुम्ही तरी सांगा त्याला, असं पुन्हा करू नको म्हणून."

रियाजनं वर बघितलं. त्यानं काही खूण केली नाही. बोल म्हणाला नाही, नको बोलू म्हणाला नाही. ढोलाची दोरी दातात धरून तो नुसता थांबला होता. पोर माझ्या बटणाकडं हात करत होतं. मला फक्त चार शब्द बोलायचे होते.

"हाव, भाभी," मी म्हणालो. "सांगतो मी त्याला."

तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मी बघितलं. "अल्ला तुमचं भलं करो," ती म्हणाली आणि आत गेली.

रियाजनं दातातली दोरी सोडली, ओढली आणि गाठ मारली. मग बोटानं पान वाजवून बघितलं. "चहा घ्या साहेब, गार होऊन राहिला," तो म्हणाला. "लातूरची मोटार पाचला हाय."

मी तो चहा प्यालो. सगळा प्यालो.